पोरगी बोलते फडाफडा, पण घर काढायला सांगितलं तर दार भिंतीच्या बाहेर. हे नेमकं काय आहे?

शेंगदाणा_चटणी:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतीच वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक आठ वर्षांची, तिसरीत, मराठी माध्यम. आम्ही कोल्हापूरकडचे. तान्ही असताना डॉक्टरांना छातीत मर्मर ऐकू आला म्हणून टूडी एको केला, महाधमनी थोडी अरुंद आहे, वर्षातून एकदा दाखवत जा म्हणाले, तेवढंच. मग गेल्या दिवाळीनंतर एका नवीन बालरोगतज्ज्ञ बाईंकडे साध्या खोकल्यासाठी गेलो तर त्या पाच मिनिटं तिच्याशी गप्पा मारून मला विचारतात, ही अनोळखी माणसांशी पण अशीच बोलते का, आणि मिक्सर लावला की कान झाकते का? मी गार. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला ही परसात पळून गेलेली असते हे त्यांना कुणी सांगितलं! मग रक्त पाठवलं, फिश टेस्ट (गुणसूत्रांची तपासणी) झाली, आणि रिपोर्टवर नाव आलं विल्यम्स सिंड्रोम.

रडून झालं माझं, आता तो विषय नको. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. हिचं बोलणं ऐकाल तर तुम्ही म्हणाल हिला काय धाड भरलीय. गल्लीतल्या सगळ्या आज्ज्यांच्या गुडघ्यांची चौकशी करून येते, परवा पाहुणे निघाले तर दारात उभी राहून म्हणते "तुम्ही आलात, घर कसं भरल्यासारखं वाटलं". गाणं दोनदा ऐकलं की पाठ. आणि चित्र काढायला बसवलं की सायकलची चाकं एका कोपऱ्यात, हँडल दुसऱ्या कोपऱ्यात, सीट कुठंतरी हवेत, पण बोट ठेवून विचारलं तर प्रत्येक भागाचं नाव बरोबर सांगते वर सायकल चालते कशी तेही सांगते. हातच्याची वजाबाकी तोंडी थोडीफार येते, वहीत मांडली की एककाखाली दशक. पहिली वेलांटी कायम चुकीच्या बाजूला. जिना उतरताना अजून कठडा धरून एकेक पाय. शाळेत तिसरं वर्ष आहे तरी संडासला गेली की परत वर्गात येताना चुकते.

तिथल्या बाई म्हणतात इतकं बोलता येतं मग लिहिताना काय होतं, नखरे आहेत सगळे. बुद्ध्यांक चाचणीत ते लाल-पांढरे ठोकळे असतात ना, तिनं त्या ठोकळ्यांचं कुटुंब केलं, त्यांना नावं ठेवली, गोष्ट सांगितली, पण समोरच्या कार्डासारखी नक्षी दुसऱ्या-तिसऱ्या कार्डापुढं काही जमली नाही. रिपोर्टमध्ये "व्हिज्युओस्पेशियल कमकुवत", म्हणजे बघून जागा-आकार समजणं कमी, एवढी एक ओळ. सासूबाईंच्या मते मोबाइल. हे एकाच डोक्यात इतकं वर आणि इतकं खाली कसं काय असू शकतं? आणि सुधारतं का?

भिंगरी_ओटी:

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, रोजची कामं हाताला जमावीत म्हणून सराव करून घेणारी, चौदा वर्षं मुलांसोबतच काम करते. विल्यम्सची मुलं मी मोजकीच पाहिलीत, पण तुम्ही लिहिलेली सायकल वाचून हसूच आलं, कारण अमेरिकेत साल्क इन्स्टिट्यूटमध्ये उर्सुला बेलुगी यांनी या मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांच्या संशोधनातला हत्ती प्रसिद्ध आहे. मुलीनं हत्तीबद्दल बोललेलं वाचलं तर रसाळ वर्णन, आणि तिनंच काढलेला हत्ती म्हणजे सुटे सुटे अवयव, नावं लिहिली नसती तर ओळखू येणार नाही. तुमची सायकल त्याच घराण्यातली.

आधी एक गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवा. सातव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एकीवरचा छोटासा तुकडा, साधारण २५ ते २८ जनुकांचा, गर्भ राहतानाच गळलेला असतो. त्यात इलास्टिनचं, म्हणजे रक्तवाहिन्या लवचीक ठेवणाऱ्या प्रथिनाचं जनुक असतं, म्हणून ती महाधमनी अरुंद. बहुतेक वेळा आईबापांत कुणालाच काही नसतं. मोबाइलचा, तुमच्या डोहाळ्यांचा, ग्रहणाचा कशाचाही संबंध नाही. न्यूझीलंडमध्ये विल्यम्स नावाच्या डॉक्टरनं १९६१ साली याची नोंद केली, पुढच्याच वर्षी जर्मनीत बॉयरेन यांनी. नॉर्वेतल्या एका पाहणीचा अंदाज साडेसात हजारांत एक असा आहे, म्हणजे वाटतं तितकं दुर्मिळ नाही, ओळखलं जात नाही एवढंच.

आता मुद्द्याचं. आपण "जागेची समज" असं एकच काहीतरी धरून चालतो, पण तो एक कप्पा नाहीये, बरीच वेगवेगळी कामं आहेत. चेहरे ओळखणं, वस्तू ओळखणं या मुलांना बऱ्यापैकी जमतं. अंधारात फक्त सांध्यांवर दिवे लावलेला माणूस चालताना दाखवला, नुसते ठिपके हलतात, तरी हा माणूस चालतोय हे ती ओळखतात. पडतं कुठं, तर तुकड्यांवरून आख्खं जोडताना. एक जुना प्रयोग आहे, बारीक बारीक वाय अक्षरं मांडून मोठं डी अक्षर केलेलं असतं आणि मुलांना ते बघून काढायला सांगतात. डाऊन सिंड्रोमची मुलं नुसता मोठा डी काढतात, आतले वाय गायब. विल्यम्सची मुलं कागदभर वाय विखरून ठेवतात, डी गायब. दोघांचा बुद्ध्यांक जवळपास सारखा! म्हणून नुसता आकडा बघून कुणी काही सांगायला लागलं की मला राग येतो.

ठोकळ्यांचंही तसंच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या बार्बरा लँडाऊ आणि त्यांचे सहकारी यांनी ही मुलं ठोकळे लावताना नजर कुठं जाते ते टिपलं. सोपी नक्षी असली तर इतर मुलांसारखीच नमुना बघतात, आपलं बघतात, परत नमुना. नक्षी अवघड झाली की नमुन्याकडे आणि आपल्या अर्धवट कामाकडे बघणंच कमी होतं आणि अंदाजपंचे सुरू. म्हणजे गाडी कुठं घसरते ते आपल्याला दिसतंय. घरी नऊ तुकड्यांचं काही देऊच नका, दोन द्या, मग तीन, आणि प्रत्येक तुकड्यानंतर तिला नमुन्यावर बोट ठेवायला लावा.

अजून एक करून बघा. मातीचा गल्ला आणा, त्यात नाणं टाकायला सांगा, भोक कधी आडवं ठेवा कधी तिरकं. लंडनला अ‍ॅटकिन्सन आणि ब्रॅडिक या संशोधकांनी असंच पत्रपेटीच्या फटीत कार्ड टाकायचं काम दिलं होतं. फट कशी आहे ते नुसतं कार्ड तसं धरून दाखवायला तुलनेनं बरं जमायचं, प्रत्यक्ष आत टाकताना मनगट वळायचं नाही. बघून ओळखणं आणि बघून हात चालवणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या आहेत, दुसरी वाट या मुलांत जास्त कच्ची. तुमचा जिना त्यातच आला. पायऱ्यांच्या कडेला ठळक पिवळी पट्टी मारून टाका, आणि कठडा धरते म्हणून कुणाला रागावू देऊ नका.

सुधारतं का, तर हो पण सावकाश. खोटी आशा लावत नाही, ठोकळे जोडण्याचं काम बऱ्याच मोठ्या माणसांचंही चार ते सहा वर्षांच्या मुलाएवढंच राहतं. पण ठोकळे जोडून कुणाचं पोट भरत नाही. बटणं लावणं, शाळेत वाट सापडणं, वहीत गणित मांडणं ही कामं आपण वेगळ्या रस्त्यानं करून घेऊ शकतो.

डब्बा_घेऊन_गेला:

वर ओटी मॅडमनी लिहिलं त्याला +१. आमच्याकडे बरोबर उलटी केस. मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम. हेच लाल-पांढरे ठोकळे त्यानं असे लावले की चाचणी घेणारी मुलगी घड्याळ बघायची विसरली. चित्रात लपलेला आकार शोधायचा असतो ना, तो याला क्षणात दिसतो, आणि हे नुसतं आमच्याच पोराचं नाही, अमिता शाह आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ सालीच ऑटिझमच्या मुलांत हे नोंदवलंय. पश्चिम रेल्वेची चर्चगेट ते डहाणू सगळी स्टेशनं, कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येणार, सगळं तोंडपाठ म्हणजे तोंडपाठ पण नाही कारण बोलत नाही फारसा, काढून दाखवतो. आणि "अरे तो डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेव" म्हटलं की उभा. शब्द पोचत नाहीत. बोट दाखवलं की लगेच ठेवतो.

म्हणजे बघा, तुमच्या मुलीला शब्द दिले की जागा सापडेल, माझ्या मुलाला जागा दाखवली की शब्द सापडतो. शाळेतल्या लोकांना दोन्ही सारखेच "स्पेशल". माझ्या मुलाला लोक त्याच्या चित्रांवरून हुशार ठरवतात आणि मग बोलत नाही म्हणून अडेल म्हणतात, तुमच्या मुलीला बोलण्यावरून हुशार ठरवतात आणि लिहीत नाही म्हणून आळशी म्हणतात. डोकं फिरतं.

काडेपेटी:

मला यातलं शास्त्र कळत नाही पण आमच्या वेळी ही असली नावं नव्हती आणि पोरं मोठी झालीच की. रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी घालायला लावा, आपोआप येतं सगळं. आमच्या भाच्याला डोळ्यावर पट्टी बांधून वाचायचा एक क्लास लावला होता, मेंदूच्या दोन्ही बाजू चालू होतात म्हणे, पंचवीस हजार फी. विचारून बघा.

भिंगरी_ओटी:

@काडेपेटी, पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाच्या बाजूच्या फटीतून बघतात हो. पट्टीच्या वर कणीक लावून बंद करा आणि मग वाचून दाखवा म्हणावं. ताई, त्या पंचवीस हजारांत बरीच थेरपी होईल, कृपया तिकडे जाऊ नका. आणि आमच्या वेळी पोरं मोठी झाली ती कशी झाली, किती शाळा सोडून घरी बसली, ते आपण मोजलं नाही इतकंच.

सरावाचा फायदा होतो हे मात्र खोटं नाही. २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यात सरावानं जागेची कौशल्यं वाढतात आणि बऱ्यापैकी टिकतात असं निघालं. फक्त ते बहुतेक इतर मुलामाणसांवरचे अभ्यास होते, विल्यम्सला तेवढंच लागू होईल असं मी म्हणणार नाही. रांगोळीची कल्पना वाईट नाहीये. पण "घाल" म्हणून सोडून दिलं तर तो ठोकळ्यांचाच अवघड नमुना झाला.

पंचेचाळीस_एक्स:

मी सहसा हे कुठं लिहीत नाही. मला टर्नर सिंड्रोम आहे, एक एक्स गुणसूत्र कमी, वय ३४, बँकेत आहे. बोलणं-वाचणं-पाठांतर कायम पहिल्या पाचात आणि भूमिती म्हणजे काळरात्र. नकाशा हातात दिला तर मी नकाशासोबत स्वतःच गोल फिरते. स्कूटर दोन गाड्यांच्या मधे लावायला वॉचमनकाकांना हाक मारते, त्यांनाही आता सवय झालीय.

माझ्या आजीनं मला जे शिकवलं ते सांगते. ती मला रस्ता "दाखवायची" नाही, रस्त्याची गोष्ट करून द्यायची. घरातून निघालं की पिठाची गिरणी जेवायच्या हाताला, मग मारुती, मारुतीला पाठ केली की पिंपळ, पिंपळाखालून उगवतीकडं. मी ते पुटपुटत जायचे. आजही नवीन ब्रँचला बदली झाली की पहिल्या दिवशी मी लिफ्टपासून माझ्या टेबलापर्यंतची गोष्ट लिहून काढते आणि दोनदा वाचते. लोकांच्या डोक्यात नकाशा असतो म्हणे, माझ्या डोक्यात परिच्छेद आहे. पोचते की मी वेळेवर.

तुमची लेक तर माझ्याहून जास्त बोलकी आहे. तिला संडास ते वर्ग ही गोष्ट करून द्या, तिलाच रचू द्या, गाणं केलं तर अजून चांगलं.

भिंगरी_ओटी:

हे वाचून काटा आला अंगावर. आणि याला आधार आहे बरं. लँडाऊंच्याच गटानं चार वर्षांच्या साध्या मुलांवर एक प्रयोग केला होता. अर्धा लाल अर्धा हिरवा चौकोन दाखवायचा, लपवायचा, मग तसाच ओळखायला सांगायचा. मुलं लाल कुठल्या बाजूला होता तेच विसरतात. पण दाखवताना "बघ, लाल डावीकडे आहे" एवढं वाक्य म्हटलं की फरक पडायचा. चौकोनाला नुसतं काहीतरी नाव दिलं तर काही उपयोग नाही, बाजू सांगणारा शब्दच लागतो.

आणि वर्गात परत येताना चुकते त्याबद्दल. दीड-दोन वर्षांचं मूल लांबट खोलीत नेऊन डोळे झाकून गोल फिरवलं ना, तरी ते भिंत लांब कुठली आखूड कुठली यावरून खेळणं लपवलेला कोपरा शोधतं. विल्यम्स असलेल्यांना २०१० च्या अभ्यासात तशा कोऱ्या खोलीत ते जमलं नाही, चारही कोपरे सारखेच. एका भिंतीला निळा रंग दिल्यावर मात्र सुधारलं. तुमच्या शाळेत एकसारखी दारं असलेला लांब व्हरांडा असणार, पैज लावते. तिच्या वर्गाच्या दाराला काहीतरी ठळक रंगाचं लावून घ्या.

पाटी_पेन्सिल:

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ३१ वर्षं पहिली-दुसरी शिकवली. सिंड्रोमची नावं मला येत नाहीत, वेलांटी येते.

पहिली वेलांटी सगळ्याच मुलांना छळते कारण उच्चारताना "क" आधी आणि लिहिताना वेलांटी आधी, ऐकू येतं एक आणि हाताला करायचं भलतंच. मी म्हणायचे, पहिली वेलांटी घाईची, क च्या आधी रांगेत उभी. दुसरी वेलांटी आळशी, मागून येते. तुमच्या लेकीला गोष्टी आवडतात तर तिला हे लगेच पकडता येईल. गणिताला चौकड्यांची वही, मोठ्या चौकड्यांची, बाजारात मिळते. एका चौकडीत एकच अंक, एककाची उभी ओळ पिवळ्या खडूनं रंगवून ठेवा, दशकाची हिरव्या. आणि हातचा कुठं लिहायचा त्याला वर वेगळं घर. तोंडी येत असेल तर तोंडी परीक्षा घ्या म्हणून शाळेला लेखी अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या. तोंडी बोललेलं शाळा विसरते, हे मी शाळेतलीच बाई सांगतेय.

उजवं-डावं शिकवू नका एवढ्यात. जेवायचा हात म्हणा. एका हातात बांगडी किंवा दोरा कायम ठेवा, "बांगडीकडं" असं म्हणायचं.

रांगोळीबद्दल: ठिपके तुम्ही घाला, कागदावर छिद्रं पाडून घेतलेत तर सरळ येतात. सुरुवात पाच बाय पाचनं नको, तीन बाय तीन. आणि रेघ ओढताना दोघींनी मिळून म्हणायचं, "एक सोडून खाली, मग बांगडीकडं, मग घरी". माझी एक विद्यार्थिनी होती, वही म्हणजे कावळ्याचे पाय, ती असं बोलत बोलत चांगली कमळं घालायला लागली. तिला काय होतं देव जाणे, कुणी तपासलंच नाही कधी.

डब्बा_घेऊन_गेला:

अर्जावरून आठवलं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विल्यम्स असं नाव सापडणार नाही म्हणून दिव्यांग सर्टिफिकेटच्या काउंटरवरून परत पाठवतील. परत येऊ नका. बौद्धिक अक्षमता त्या यादीत आहे, तपासणी त्या नावाखाली मागा. आमचे तीन हेलपाटे झाले तेव्हा कळलं.

शेंगदाणा_चटणी:

सगळ्यांचे खूप खूप आभार, उशीर झाला उत्तर द्यायला, मधे परीक्षा होत्या, दीड महिना होऊन गेला.

गल्ला आणला. तिरकं भोक ठेवलं की नाणं खालीच पडतं, आणि ती प्रत्येक वेळी नाण्याची माफी मागते. पण "मनगट झोपव, मनगट उभं कर" असं म्हणत टाकलं की दहातली पाच-सहा जातात आत. वेलांटीची घाई घरात सगळ्यांना लागलीय, आता पहिली वेलांटी चुकली की तीच ओरडते "अगं थांब, तू आधी ये". चौकड्यांच्या वहीला शाळेतल्या बाई आधी नाही म्हणाल्या, सगळ्यांना एकसारख्या वह्या पाहिजेत म्हणे. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आठवड्यात हो म्हणाल्या. सर्टिफिकेटचा अजून पहिलाच हेलपाटा झालाय.

दाराला लाल टॉवेल बांधलाय वर्गाच्या. संडास ते वर्ग गाणं तिनंच केलं, चालीवर म्हणते, "नळाला पाठ, बांगडीची वाट, लाल लाल टॉवेल, आला माझा पाट". आता अडचण अशी झालीय की वाटेत जो भेटेल त्याला ती ते गाणं शिकवत बसते आणि दहा मिनिटं वर्गात येतच नाही. शिपाईमामांना पाठ झालंय.

भिंगरी मॅडम, एक राहिलं. इथल्या मॉलमधला सरकता जिना. चढायला तयार असते पण पहिल्या पायरीवर पाय टाकायचा क्षण आला की थिजते आणि मागची माणसं ओरडतात. याला पण काही म्हणायचं असतं का?

भिंगरी_ओटी:

लिफ्टनं जा हो ताई, खरंच. वर्षभरानं बघू. तोवर साध्या जिन्यावर पिवळी पट्टी मारली का ते सांगा, त्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.